ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो तेव्हा काय तपासावे, काय करावे आणि काय टाळावे

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानात मी हिशेबाचे काम पाहतो. संगणक हा माझा विषय नव्हता; परंतु जीएसटीचे विवरणपत्र, बँकेचे व्यवहार आणि गेल्या काही वर्षांपासून दुकानाची स्वतःची वेबसाइट ही सगळी कामे माझ्याच टेबलावर आली, आणि त्यांच्यासोबत ब्राउझरच्या लाल खुणेचा इशाराही आला. ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असे पान समोर आले की काही जण घाबरून काम सोडून देतात आणि काही जण न वाचता ‘ॲडव्हान्स्ड’वर क्लिक करून पुढे जातात. मी या दोन्ही चुका केल्या आहेत. खालील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत, ज्या क्रमाने मी आता स्वतः तपासतो.

हाताशी काय असावे

ज्या संगणकावर इशारा आला तो संगणक, मोबाइल डेटा चालू असलेला एक फोन आणि एक कोरा कागद, एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागते. वेबसाइट तुमचीच असेल तर होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे त्या सेवेच्या, पॅनेलचा लॉगिन, डोमेन, म्हणजे साइटचे नाव, जिथून घेतले तिथला लॉगिन, डोमेनच्या नूतनीकरणाची शेवटची पावती आणि त्या खात्याला जोडलेला ईमेल व मोबाइल क्रमांक कोणाचा आहे याची माहितीही लागेल. या शेवटच्या गोष्टीला कमी लेखू नका. त्यामागची कहाणी नवव्या पायरीत येईल.

१. इशारा म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारा पत्ता उघडताना ब्राउझर समोरच्या सर्व्हरकडे, म्हणजे ती साइट ठेवलेल्या संगणकाकडे, ओळखीचे प्रमाणपत्र मागतो आणि चार गोष्टी पाहतो. प्रमाणपत्रावरील नाव आणि तुम्ही उघडलेला पत्ता एकच आहे का, आजची तारीख त्याच्या मुदतीत बसते का, ते देणारी संस्था ब्राउझरच्या विश्वासू यादीतील आहे का, आणि ते मध्येच रद्द केलेले तर नाही ना. यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर जरी नकारार्थी आले तरी तो पान अडवतो.

यार्डातील माणसाला हे समजावण्यासाठी मी काट्याचे उदाहरण देतो. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते आणि तसे प्रमाणपत्र दुकानात लावावे लागते. त्यावर काटा कोणाचा, पडताळणी कोणी केली आणि ती कधीपर्यंत चालेल हे लिहिलेले असते. मुदत उलटली म्हणून काटा लगेच खोटे वजन दाखवू लागतो असे नाही, पण त्याच्या वजनाची हमी घ्यायला कोणी उरत नाही. ब्राउझरचा इशारा एवढेच सांगतो. ‘ही साइट चोराची आहे’ असे तो म्हणत नाही. ‘समोर कोण आहे याची खात्री मला देता येत नाही’ असे म्हणतो.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. काट्यावरचा शिक्का वजनाची खात्री देतो, पोत्यातील हळद चांगली आहे की भेसळीची, याची नाही. फसवणूक करणारे लोकही आपल्या बनावट साइटसाठी रीतसर प्रमाणपत्र घेतात आणि ते फुकट मिळते. त्यामुळे इशारा आला नाही म्हणून साइट प्रामाणिक आहे असा अर्थ काढू नका. क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह काढून तिथे साधे सेटिंगचे चिन्ह आणले, त्यामागेही हेच कारण होते. लोक कुलपाचा अर्थ ‘भरवशाचे दुकान’ असा घेत होते.

इथेच आणखी एक गोंधळ मिटवून टाकतो. कार्यालयात ‘सर्टिफिकेट संपले’ असे कोणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर यूएसबी टोकनमधली डिजिटल सही, म्हणजे डीएससी येते. आमच्या शेजारच्या गाळ्यातील एकाने ब्राउझरचा इशारा पाहून डीएससीच नवी काढली, पैसे भरले, आणि इशारा होता तसाच राहिला. डीएससी तुमची ओळख पटवते. इथे ज्या प्रमाणपत्राबद्दल आपण बोलत आहोत ते समोरच्या साइटची ओळख पटवते. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

२. पान बंद करण्यापूर्वी चार ओळी उतरवून घ्या

क्रोमच्या इशाऱ्याच्या पानावर मजकुराखाली बारीक अक्षरांत एक सांकेतिक ओळ असते. बहुतेकांना ती निरुपयोगी वाटते. त्या ओळीवर क्लिक करून पाहा. खाली चार नोंदी उघडतात: ‘सब्जेक्ट’, म्हणजे प्रमाणपत्र कोणाच्या नावाचे आहे, ‘इश्युअर’, म्हणजे ते कोणी दिले, ‘एक्स्पायर्स ऑन’, म्हणजे मुदत, आणि ‘करंट डेट’, म्हणजे तुमचा संगणक आज कोणती तारीख समजतो आहे ती. त्याखाली अक्षरांचा मोठा गठ्ठा दिसेल, त्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते. या चार ओळी कागदावर घ्या किंवा स्क्रीनशॉट काढा.

सांकेतिक ओळीतील शब्दही बरेच काही सांगतात. ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर तारखेचा प्रश्न आहे, ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ असेल तर नाव जुळलेले नाही, ‘अथॉरिटी इनव्हॅलिड’ असेल तर देणारी संस्था ब्राउझरच्या ओळखीची नाही. ‘रिव्होक्ड’ असेल तर प्रमाणपत्र रद्द झाले आहे, आणि तिथे तुम्ही करण्यासारखे काही नाही; तिथून मागे फिरा. फायरफॉक्समध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ दाबल्यावर अशीच माहिती मिळते, फक्त शब्द वेगळे असतात. ‘अननोन इश्युअर’ म्हणजे क्रोमचे ‘अथॉरिटी इनव्हॅलिड’ असे धरा.

३. दोष आपल्याकडचा की समोरचा, ते ठरवा

फोनचे वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावर तीच साइट उघडा. फोनवर ती व्यवस्थित उघडली तर दोष बहुधा तुमच्या संगणकात किंवा तुमच्या इंटरनेट जोडणीत आहे. फोनवरही तोच इशारा आला तर दोष साइटकडचा आहे. त्याचप्रमाणे संगणकावर दुसऱ्या दोन-तीन साइट उघडून पाहा. सगळीकडे इशारा येत असेल तर जगातील सगळ्या साइट एकाच सकाळी बिघडलेल्या नसतात, हे उघड आहे.

या एका चाचणीने माझे कित्येक तास वाचले आहेत. तरीही ती करण्याआधी लोक ब्राउझरची हिस्ट्री पुसतात, ब्राउझर काढून पुन्हा टाकतात, कोणी तर विंडोजच नवीन टाकून घेतात. यांतील कशानेही मुदत संपलेले प्रमाणपत्र जिवंत होत नाही.

४. घड्याळ, तारीख आणि टाइम झोन

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी गावभागात शिरले, तेव्हा शेठजींच्या घरातील कार्यालयाचा संगणक आम्ही उचलून माळ्यावर ठेवला होता. घर धुऊन, वाळवून, वायरिंग तपासून तो पुन्हा टेबलावर यायला महिना गेला. संगणक चालू झाला, इंटरनेट जोडले गेले, आणि एकही साइट उघडेना. बँक नाही, जीएसटी नाही, ईमेलही नाही. मशीनमध्ये ओल गेली असावी असे कोणी म्हणाले, कोणी व्हायरस म्हणाले. शेवटी दुरुस्तीवाला मुलगा आला, त्याने खुर्चीवर बसण्याआधीच पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे जानेवारी २०१२ अशी तारीख होती. लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की पडद्यावर ‘युअर क्लॉक इज बिहाइंड’ असे इंग्रजीत चक्क लिहिलेले होते. लाल खूण दिसताच आम्ही पुढचे वाचणे सोडले होते.

झाले होते ते असे. संगणकाच्या मदरबोर्डवर बटणासारखा एक चपटा सेल असतो, बहुतेक यंत्रांत सीआर २०३२ या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा आणि २० मिलिमीटर व्यासाचा. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. संगणक भिंतीच्या विजेला जोडलेला असतो तोवर या सेलवर भार पडत नाही, म्हणून तो अशक्त झाल्याचे कळतही नाही. महिनाभर वीज तुटली, जुना सेल पार उतरला आणि घड्याळ कारखान्यातून निघालेल्या तारखेवर परत गेले. २०१२ मध्ये बसलेल्या संगणकाला २०१९ ची सगळी प्रमाणपत्रे ‘अजून सुरूच न झालेली’ दिसणार, यात त्याची चूक नाही.

तेव्हा दुसऱ्या पायरीत उतरवलेली ‘करंट डेट’ची ओळ आधी पाहा. ती चुकीची असेल तर विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि मग ‘डेट अँड टाइम’ उघडा, ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू करा आणि ‘सिंक नाउ’ दाबा. फरक वर्षांचा असेल तर विंडोज पुष्कळदा आपण होऊन एवढी मोठी उडी घेत नाही. अशा वेळी तारीख आधी हाताने आजची करा आणि नंतर सिंक करा. टाइम झोन ‘यूटीसी +०५:३०’ असून त्यापुढे चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली अशी नावे असली पाहिजेत. टाइम झोन परदेशी ठेवून कोणीतरी काटे हाताने फिरवून भारतीय वेळ दाखवत ठेवलेली असते, आणि तेव्हा कोपऱ्यातील वेळ बरोबर दिसूनही संगणकाचा आतला हिशेब काही तासांनी चुकलेला राहतो. एएम आणि पीएमही बघून घ्या.

संगणक बंद करून वीज काढली आणि दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा मागे गेली, तर सेल बदलावाच लागेल. तो किरकोळ किमतीत कोणत्याही संगणक दुरुस्तीच्या किंवा घड्याळाच्या दुकानात मिळतो. डेस्कटॉपमध्ये तो वीज काढून स्वतः बदलता येतो; लॅपटॉपच्या बाबतीत दुरुस्तीवाल्याकडे गेलेले बरे.

५. वाय-फाय, अँटिव्हायरस आणि जुनी यंत्रे

घड्याळ बरोबर असूनही सगळ्या साइटवर इशारा येत असेल तर ‘इश्युअर’ची ओळ पाहा. तिथे तुमच्या अँटिव्हायरसचे नाव दिसले तर तो तुमच्या आणि साइटच्या मध्ये बसून मजकूर तपासतो आहे आणि त्याचे स्वतःचे प्रमाणपत्र बिघडले आहे असे समजा. त्याची मुदत संपली असेल तर नूतनीकरण करा, नाहीतर काढून नव्याने टाका. नकली की टाकून चालवलेल्या अँटिव्हायरसमध्ये हा त्रास मी अधिक पाहिला आहे.

लॉजवर किंवा स्थानकावर मोफत वाय-फायला जोडल्यावर पहिलाच इशारा येतो, कारण ते वाय-फाय तुम्हाला आधी स्वतःच्या लॉगिनच्या पानावर नेऊ पाहते आणि ब्राउझरला बँकेच्या पत्त्यावर भलतेच पान हाती लागते. फोनवर येणाऱ्या ‘साइन इन टू नेटवर्क’ या सूचनेवरून आधी लॉगिन पूर्ण करा, मग काम उघडा. घरच्या ब्रॉडबँडचा प्लॅन संपल्यावरही काही सेवादार असेच आपल्या रिचार्जच्या पानाकडे वळवतात. आमच्याकडे एकदा सगळे घर तासभर व्हायरस शोधत होते आणि बिल भरायचे राहिले होते.

जुन्या यंत्रांचे दुखणे मात्र वेगळे आहे. विश्वासू संस्थांची यादी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये किंवा ब्राउझरमध्ये असते आणि अपडेटसोबत ती ताजी होते; अपडेट थांबले की यादीही तिथेच थांबते. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये बंद केला आणि त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही आहे. फोनमध्येही तसेच. लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत प्रमाणपत्रे देणारी संस्था ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर, म्हणजे विश्वासू यादीत असलेल्या आणि बाकीच्या प्रमाणपत्रांना आधार देणाऱ्या प्रमाणपत्रावर, अवलंबून होती ते ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले; तिचे नवे मूळ अँड्रॉइड ७.१.१ पेक्षा जुन्या फोनच्या यादीत नाही. दुकानात हमालांच्या हजेरीसाठी ठेवलेला असा एक जुना फोन आमच्याकडे होता. त्यावर अर्ध्या साइट उघडत आणि अर्ध्या उघडत नसत, आणि कोणालाही त्याचे कारण सांगता येत नव्हते. अशा यंत्राला उपाय बदलणे हाच. ते बदलेपर्यंत त्यावर पैशाचे व्यवहार करू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

आणि एक इशारा माझ्याकडूनही. ‘ही फाइल टाका, म्हणजे साइट उघडेल’ असे सांगून कोणी व्हॉट्सॲपवर प्रमाणपत्राची फाइल किंवा ॲप पाठवले, तर ते कदापि टाकू नका. विश्वासू यादीत परक्याचे मूळ प्रमाणपत्र शिरले की त्याला कोणत्याही बँकेच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र बनवता येते आणि तुमचा ब्राउझर चकार शब्द काढणार नाही. मोठ्या संस्थाही इथे चुकल्या आहेत. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलने उघड केले. त्यानंतर क्रोमने भारत सरकारच्या मूळ प्रमाणपत्राखाली दिलेल्या प्रमाणपत्रांवरचा विश्वास मोजक्या भारतीय डोमेनपुरता मर्यादित केला. यादीत कोण आहे याला इतके महत्त्व असते.

६. नाव जुळत नसेल तर

‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ दिसले तर पत्त्याच्या पट्टीतील अक्षरे एकेक करून वाचा. अक्षर चुकले असेल तर ते दुरुस्त करा आणि विषय संपला. अक्षरे बरोबर असतील, तर सुरुवातीचे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ काढून किंवा जोडून पाहा. अनेक छोट्या संस्था एकाच रूपासाठी प्रमाणपत्र घेतात आणि दुसरे विसरतात.

बँकांच्या बाबतीत एक नवी गोष्ट झाली आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर नेण्यास सांगितले. आपल्या जिल्ह्यात सहकारी बँकांची खाती घरोघरी आहेत आणि त्यांचे जुने पत्ते लोकांनी बुकमार्क करून ठेवले आहेत. जुन्या पत्त्यावर इशारा आला तर त्यावरून पुढे जाण्याऐवजी पासबुकावर किंवा शाखेतील फलकावर छापलेला नवा पत्ता पाहून तो हाताने टाइप करा. गूगलमध्ये बँकेचे नाव शोधून पहिल्या जाहिरातीवर क्लिक करण्याची सवय याच निमित्ताने मोडून टाका.

७. ‘पुढे जा’ हे बटण कधी चालते

नियम म्हणून सांगायचे तर, जिथे पासवर्ड, ओटीपी, आधार किंवा खाते क्रमांक टाकायचा आहे तिथे कधीच नाही. ‘फक्त लॉगिन करून शिल्लक बघतो’ यातही पासवर्ड जातोच.

अपवाद आहेत, पण ते सगळे तुमच्या घरातले आहेत. वाय-फाय राउटरचे सेटिंग पान, जे १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर असते, ते स्वतःच स्वतःला दिलेल्या प्रमाणपत्रावर चालते, त्यामुळे तिथे इशारा येणारच. डीएससीने सही करण्यासाठी संगणकात टाकलेले छोटे सॉफ्टवेअर १२७.०.०.१ या पत्त्यावर चालते. हा पत्ता म्हणजे तुमचा स्वतःचाच संगणक. सही अडकली की मदत कक्षातील व्यक्ती हा पत्ता उघडून ‘ॲडव्हान्स्ड’ आणि ‘प्रोसीड’ करायला सांगते आणि ते बरोबर असते. मात्र हीच सवय बोटाला लागून पुढच्या आठवड्यात बँकेच्या पानावर लागू होते, म्हणून पत्ता वाचल्याशिवाय ते बटण दाबू नका.

काही साइटवर पुढे जाण्याचा दुवा दिसतच नाही. तो बिघाड नाही. ‘माझ्याशी सुरक्षित जोडणीशिवाय बोलूच नका’ असे त्या साइटने ब्राउझरला आधीच सांगून ठेवलेले असते. तो नियम चुकवण्याच्या युक्त्या इंटरनेटवर सापडतात. त्या मी इथे देणार नाही.

इशारा डावलून माहिती आधीच भरली असेल तर दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला, बँकेला फोन करा, आणि पैसे गेले असतील तर विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

८. दोष समोरचा असेल तर कळवायचे कसे

‘तुमची साइट चालत नाही’ या वाक्याने कोणत्याही कार्यालयात काहीही हलत नाही, कारण फोन उचलणारा स्वतःच्या संगणकावर पाहतो आणि ‘आमच्याकडे तर चालते’ असे म्हणतो. एका कार्यालयाशी माझा असा संवाद तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी मी असे लिहून पाठवले: ‘महोदय, आपल्या संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत काल संपली आहे. मोबाइल डेटावर आणि कार्यालयाच्या जोडणीवर, दोन्हीकडे तोच इशारा येतो. स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. कृपया हा संदेश आपल्या तांत्रिक विभागाकडे द्यावा.’ दुपारपर्यंत काम झाले. त्या तीन दिवसांत भरणा करायची शेवटची तारीख येत असेल तर इशारा डावलण्यापेक्षा तोच स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा आणि शाखेत जाऊन चलनाने भरता येते का ते विचारा.

९. साइट तुमचीच असेल तर

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण छोट्या व्यापाऱ्यांची सर्वाधिक फजिती इथेच होते.

पहिला प्रश्न, डोमेन कोणाच्या नावावर आहे? आमची साइट एका ओळखीच्या मुलाने करून दिली आणि डोमेन त्याने स्वतःच्या खात्यातून घेतले. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला, क्रमांक बदलला, आणि नूतनीकरणाचे सगळे ईमेल त्याच्या जुन्या खात्यावर पडून राहिले. डोमेन दुकानाच्या नावावर आणून घ्यायला दोन महिने लागले. तेव्हा साइट बनवून घेतानाच डोमेन आणि होस्टिंग दोन्ही दुकानाच्या ईमेलवर घ्या, पावत्या जीएसटीच्या फायलीतच लावा.

दुसरी गोष्ट, प्रमाणपत्रासाठी स्वतंत्र पैसे मोजावे लागतीलच असे नाही. लेट्स एन्क्रिप्ट २०१५ च्या अखेरीपासून मोफत प्रमाणपत्रे देते. त्यांची मुदत ९० दिवसांची असते आणि बहुतेक होस्टिंग पॅनेलमध्ये ती आपोआप नव्याने घेण्याची सोय असते. सी-पॅनेलमध्ये ती ‘ऑटो एसएसएल’ या नावाने दिसते. कोणी दरवर्षी मोठी रक्कम मागत असेल तर ती कशासाठी, हे विचारायला संकोच करू नका. ‘वर्षभराचे सर्टिफिकेट घेऊन ठेवू, म्हणजे कटकट नाही’ हा विचारही आता टिकणार नाही. प्रमाणपत्रांची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस होती. प्रमाणपत्र संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या संयुक्त मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्याने उतरवण्याचे ठरवले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. ४७ दिवसांनी हाताने प्रमाणपत्र बदलत बसणे कोणालाही जमणार नाही, म्हणून आपोआप नूतनीकरणाची घडी आताच बसवा.

तिसरी गोष्ट, आपोआप म्हणजे निर्धास्त नव्हे. गेल्या वर्षी ऐन हंगामात पुण्याच्या एका ग्राहकाने फोन करून विचारले, ‘शेठ, तुमची साइट हॅक झाली का?’ मी सर्व्हरवर पाहिले, तर नवीन प्रमाणपत्र पंधरा दिवसांपूर्वीच आलेले होते, तारीखही व्यवस्थित होती. तरी ब्राउझर जुनीच तारीख दाखवत होता. अर्धा दिवस मी ब्राउझरला दोष देत बसलो. खरी गोष्ट अशी होती की आमच्या मांडणीत सर्टबॉट हा प्रमाणपत्र आपोआप आणणारा प्रोग्राम नवीन फाइल आणून ठेवत होता, पण वेब सर्व्हरला ‘ती पुन्हा वाच’ असे कोणी सांगत नव्हते. त्याने चालू होताना वाचलेली जुनी फाइलच तो जगाला दाखवत होता. सर्व्हर रिलोड केला आणि इशारा गेला. आता नूतनीकरणानंतर रिलोड आपोआप व्हावा अशी आज्ञा तिथे जोडून ठेवली आहे. तुमच्याकडे कोणी सर्व्हर पाहत असेल तर त्याला नेमका हाच प्रश्न विचारा.

नूतनीकरणच होत नसेल तर तीन जागा पाहा. एक, पडताळणीच्या नेहमीच्या पद्धतीत संस्थेला साइटपर्यंत पोहोचण्यासाठी पोर्ट ८०, म्हणजे सर्व्हरचे साध्या ‘एचटीटीपी’चे दार, उघडे लागते. ‘सुरक्षेसाठी’ म्हणून कोणी ते बंद केले असेल तर पडताळणी अडते. दोन, होस्टिंग बदलल्यावर डोमेनच्या नोंदींत जुन्या सर्व्हरचा पत्ता राहिला असेल, विशेषतः आयपीव्ही६ची, म्हणजे नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्याची, नोंद, जी कोणाच्या लक्षातच राहत नाही. तीन, एखादे उपनाव (मुख्य डोमेनच्या आधी शब्द जोडून केलेला पत्ता) बंद केले पण प्रमाणपत्राच्या यादीत तसेच राहिले. एक नाव पडताळले गेले नाही की सगळे प्रमाणपत्र अडकते. कारण न शोधता पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. लेट्स एन्क्रिप्ट एकाच नावांच्या संचासाठी आठवड्याला पाचच प्रमाणपत्रे देते आणि नापास झालेल्या पडताळण्यांनाही मर्यादा आहे. सर्टबॉटमध्ये ‘ड्राय रन’ची सोय आहे, ती वापरून आधी रंगीत तालीम करा.

एका ब्राउझरमध्ये चालते आणि दुसऱ्यात किंवा एखाद्या ॲपमध्ये चालत नाही, अशी तक्रार आली तर मधली कडी गायब आहे असे समजा. तुमचे प्रमाणपत्र थेट मूळ संस्थेने सही केलेले नसते. मध्ये एक दुय्यम प्रमाणपत्र असते आणि तेही सर्व्हरने सोबत पाठवायचे असते. काही ब्राउझर ही तुटलेली कडी स्वतः शोधून आणतात, म्हणून बनवणाऱ्याला दोष दिसत नाही. सर्टबॉटच्या फोल्डरमध्ये ‘फुलचेन’ नावाची फाइल असते, सर्व्हरला ती द्यायची. नुसती ‘सर्ट’ नावाची फाइल नाही. खात्री करायची असेल तर क्वालिस या कंपनीची ‘एसएसएल लॅब्स’ ही मोफत चाचणी आहे. तिथे आपला पत्ता टाकला की काही मिनिटांत साखळी अपुरी आहे का, कोणती नावे आहेत, मुदत कधी संपते हे सगळे समोर येते.

प्रमाणपत्र ठीक असूनही पत्त्याशेजारी ‘नॉट सिक्युअर’ राहिले, तर पानातील एखादा जुना फोटो किंवा फॉर्म अजून ‘एचटीटीपी’च्या पत्त्यावरून येत असेल, तो पत्ता बदला.

शेवटची पायरी तारखेची. लेट्स एन्क्रिप्ट मुदत संपण्यापूर्वी आठवणीचे ईमेल पाठवत असे. जून २०२५ पासून ते बंद झाले आहेत. आमच्या दुकानात काट्याच्या पडताळणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते, तिच्याच शेजारी मी साइटच्या प्रमाणपत्राची तारीख लिहितो आणि तिच्या तीन आठवडे आधीच्या रकान्यात एक फुली मारतो. फुलीच्या दिवशी मोबाइल डेटावरून, दुकानाच्या वाय-फायवरून नव्हे, साइट ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याशिवाय अशी दोनदा उघडतो आणि पत्त्याशेजारच्या चिन्हातून प्रमाणपत्राची नवी तारीख पाहतो. ती पुढे सरकलेली नसेल, तर दुरुस्तीला अजून एकवीस दिवस हातात असतात.